साखळी आणि ताम्रपट

इ. स. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. टिपू सुलतान लढता लढता मारला गेला आणि म्हैसूरचे विस्तीर्ण राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या सत्तेखाली आले. परंतु विजेत्यांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. जो मुलुख जिंकला, त्याच्या सीमा नेमक्या कोठे आहेत, त्यात गावे किती, नद्या कोणत्या, घाटवाटा कोठून जातात, यांविषयी विश्वसनीय माहिती त्यांच्यापाशी नव्हती. या प्रदेशाची मोजणी करून नकाशा सिद्ध करण्याचे काम कंपनी सरकारने आपल्या एका अनुभवी अधिकाऱ्याकडे सोपवले. त्यांचे नाव कॉलिन मॅकेंझी.

मॅकेंझी यांचा जन्म इ. स. १७५४ च्या सुमारास स्कॉटलंडच्या वायव्येस असलेल्या लुइस बेटावर, स्टॉर्नोवे या बंदरात झाला. सदैव वाऱ्याने झोडपलेले हे बेट. तेथे कॅलॅनिश या ठिकाणी प्रचंड शिळांचे एक वर्तुळ हजारो वर्षे उभे आहे. तरुणपणी मॅकेंझी यांनी आपल्या गावच्या जकात कचेरीत नोकरी केली. गणिताची त्यांना मनापासून आवड होती. ज्या जॉन नेपिअर यांनी लॉगॅरिथमची कोष्टके शोधून काढली, त्यांचे चरित्र लिहिण्याचे काम त्यांच्याच घराण्यात चालू होते. हिंदू लोकांचे प्राचीन गणित कसे होते, हे या चरित्रासाठी जाणून घ्यावयाचे होते. या निमित्ताने मॅकेंझी यांचे लक्ष भारताकडे वळले आणि इ. स. १७८३ मध्ये ते मद्रासला उतरले. मदुरेस जाऊन तेथील पंडितांशी त्यांनी परिचयही करून घेतला. पण पोटासाठी पत्करलेली चाकरी लष्करातील होती. लढाया, वेढे, रस्ते व किल्ले यांच्या मोजण्या यांतच पहिली तेरा वर्षे निघून गेली आणि ज्या विद्येसाठी मन ओढ घेत होते, तिच्यासाठी सवड मिळाली नाही.

मोजणीच्या शास्त्रात मात्र ते या काळात निष्णात झाले. त्या काळी मोजणी कशी करीत, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रथम एखाद्या सपाट माळावर लोखंडी साखळीने एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजीत. ही आधाररेषा. मग तिच्या दोन्ही टोकांवर थिओडोलाइट नावाचे कोनमापक यंत्र उभे करून दूरच्या एखाद्या डोंगरशिखराकडे पाहत व कोन टिपून घेत. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्यालगतचे दोन कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. म्हणजे त्या शिखरावर पाऊल न ठेवताही त्याचे अंतर समजते. मग तीच बाजू धरून पुढचा त्रिकोण, त्यावरून त्याच्याही पुढचा. अशा त्रिकोणांचे जाळे देशभर पसरत जाई. आतील गावे, तळी, ओढे, वाटा भरण्यासाठी तिपाईवर सपाट फलक ठेवून त्यावर कागद लावीत आणि समोर दिसेल ते जागच्या जागी काढीत. म्हैसूरच्या मोजणीत चाळीस हजार चौरस मैलांहून अधिक प्रदेश अशा रीतीने कागदावर उतरला.

हे काम सोपे नव्हते. जंगलातील तापाने मोजणीदार आजारी पडत. मंजूर केलेला खर्चही सरकारने मध्येच कमी केला. त्यातून गावोगावचे लोक या मंडळींकडे संशयाने पाहत, आणि त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. जो मुलुख नकाशावर येतो, तेथे फौज नेणे सोपे होते आणि शेतसाराही नेमका बसवता येतो. कंपनीला नकाशा हवा होता तो यासाठीच. साखळी घेऊन आलेल्या परक्या माणसाला आपली सनद किंवा इनामाचा ताम्रपट कोणी विश्वासाने का दाखवावा?

येथे मॅकेंझी यांच्या कामी आले ते यंत्र नव्हे, तर एक माणूस. इ. स. १७९६ च्या सुमारास कावली वेंकट बोरय्या नावाचा, आजच्या आंध्र प्रदेशातील एलुरूचा एक तरुण त्यांच्या पदरी आला होता. बोरय्या तेव्हा जेमतेम विशीतले होते. पण तेलुगू, कानडी, संस्कृत, इंग्रजी अशा अनेक भाषा त्यांना अवगत होत्या. त्याहून मोठा गुण म्हणजे त्यांचा स्वभाव. गावच्या पुजाऱ्याशी, वृद्ध शेतकऱ्याशी, आपल्याकडे ज्याला कुलकर्णी म्हणतात त्या करणमाशी ते आदराने बोलत. हळूहळू देवळातील पेट्या उघडल्या जात, दफ्तरे सोडली जात आणि ताडपत्रांच्या जुड्या बाहेर येत. मॅकेंझी जन्मभर या देशात राहिले, तरी येथील एकही भाषा त्यांना नीट आली नाही. ही उणीव त्यांनी कधी लपवली नाही. पुढे इ. स. १८१७ मध्ये एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, की भारतीय विद्येचे दार आपल्याला उघडून दिले ते बोरय्यांनीच.

म्हैसूरच्या मोजणीला यामुळे निराळेच रूप आले. एक तुकडी साखळीने जमीन मोजीत जाई, तर बोरय्या व त्यांचे सहकारी गावाचा पूर्वेतिहास विचारीत जात. गाव कोणी वसवले? तळे कोणत्या राजाने बांधले? देवळाला दान कोणी दिले? शिलालेखांच्या नकला केल्या जात, नाणी जमवली जात आणि गावोगावच्या कैफियती लिहून घेतल्या जात. या कैफियती तेलुगू, कानडी, तमिळ अशा भाषांत आहेत, मराठीतही आहेत. दक्षिणेत अनेक ठिकाणी दफ्तराचा कारभार मराठीतून व मोडी लिपीत चाले, हे त्याचे कारण. जुनी कानडी लिपी बहुतेकांना वाचता येईनाशी झाली होती. तेव्हा मलेयूरचे धर्मय्या नावाचे एक जैन पंडित या मंडळींना येऊन मिळाले आणि शतकानुशतके मुके असलेले शिलालेख वाचता येऊ लागले.

इ. स. १८०० च्या सुमारास मॅकेंझी तुंगभद्रेच्या काठी हंपी येथे पोहोचले. इ. स. १५६५ च्या लढाईनंतर उद्ध्वस्त झालेली विजयनगरची राजधानी तेथे खडकाळ टेकड्यांमध्ये विखुरलेली होती. मैलोगणती पसरलेल्या त्या अवशेषांत वाटसरूला एक भिंत दिसे, एक गोपूर दिसे. संपूर्ण नगराची कल्पना येत नसे. मॅकेंझी यांनी त्या स्थळाचा पहिला मोजणीचा नकाशा तयार केला. नदी, टेकड्या व देवळे एकाच कागदावर आल्याबरोबर विस्कटलेल्या दगडांतून एका राजधानीचा आकार दिसू लागला. परंतु यातही सर्व श्रेय यंत्राला देता येत नाही. विरूपाक्षाच्या आणि पंपादेवीच्या देवळांतील पुजाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या आठवणी सांगितल्या, तेव्हाच त्यांना या स्थळाची पुष्कळशी माहिती मिळाली.

इ. स. १८०३ मध्ये बोरय्या अकस्मात निवर्तले. तेव्हा त्यांचे वय सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. मॅकेंझी यांना हा आघात फार मोठा होता. बोरय्यांची जागा त्यांचे बंधू लक्ष्मय्या यांनी घेतली आणि काम खंडित होऊ दिले नाही. इ. स. १८०८ च्या सुमारास म्हैसूरचे नकाशे व माहितीचे सात जाडजूड खंड सरकारला सादर झाले. पुढे १८११ ते १८१३ या काळात मॅकेंझी इंग्रज फौजेबरोबर जावा बेटावर होते. तेथेही प्रांबानन येथील भग्न हिंदू देवालये पाहून त्यांनी त्यांची टिपणे व चित्रे केली. इकडे लक्ष्मय्यांचे संशोधन अव्याहत चालूच होते. इ. स. १८१५ मध्ये मॅकेंझी यांची भारताचे पहिले सर्वेअर जनरल, म्हणजे सर्व देशाच्या मोजणीचे प्रमुख अधिकारी, म्हणून नेमणूक झाली.

एवढ्या मोठ्या अधिकारावर चढल्यावरही एक जुने टेकाड त्यांच्या मनातून गेले नव्हते. महाबळेश्वरी उगम पावणारी आपली कृष्णा नदी समुद्राला मिळण्यापूर्वी आंध्रातील अमरावतीवरून वाहते. तेथे एक उंच टेकाड होते. त्याला लोक दीपालदिन्ने, म्हणजे दिव्यांचे टेकाड, म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू या जमीनदाराने त्याच्याजवळ नवी नगरी वसवण्यास घेतली. विटा व दगड यांसाठी माणसे ते टेकाड खणू लागली, तेव्हा पांढरट चुनखडीच्या दगडांवरील अप्रतिम कोरीव शिल्पे वर आली. ही बातमी ऐकून मॅकेंझी १७९८ च्या सुमारास तेथे जाऊन आले. तो इसवी सनापूर्वीपासूनचा एक महान बौद्ध स्तूप होता. मॅकेंझी यांनी तो जैनांचा असावा असे मानले; त्या काळी बौद्ध धर्माच्या प्राचीन अवशेषांची ओळख विद्वानांनाही पुरती झालेली नव्हती.

त्या वेळी त्यांना तेथे फार काळ राहता आले नाही. अठरा वर्षांनी, इ. स. १८१६ मध्ये, ते पुन्हा अमरावतीस आले, तो दृश्य पालटलेले होते. टेकाडाच्या मधोमध तळे खणलेले होते आणि कित्येक शिल्पे पायऱ्यांना, घरांना, देवळा-मशिदींना लागली होती. घडून गेलेले आता परत येण्यासारखे नव्हते. मॅकेंझी यांनी उरलेल्या जागेची मोजणी करवली, स्तूपाचा आराखडा काढवला आणि आपल्या चित्रकारांना एकेका शिळेसमोर बसवले. पुढे दोन-चार वर्षे हे रेखाटन चालू राहिले. काही शिळा कलकत्त्याला व मद्रासला रवाना झाल्या. ज्या जागच्या जागी राहिल्या, त्यांतील कित्येक नंतर नाहीशा झाल्या. त्या कशा होत्या, हे आज केवळ या चित्रांवरूनच कळते.

याच वर्षी टॉमस हिकी या चित्रकाराने मॅकेंझी यांचे तैलचित्र रंगवले. त्यात ते एकटे नाहीत. लाल लष्करी अंगरखा घातलेल्या साहेबांभोवती तीन भारतीय उभे आहेत. एकाच्या हाती ताडपत्र आहे, तर दुसऱ्याने दुर्बीण धरली आहे. हे धर्मय्या, लक्ष्मय्या आणि मोजणीच्या तुकडीतील एक शिपाई असावेत, असे मानतात. पाठीमागे दूर टेकडीवर गोमटेश्वराची उत्तुंग मूर्ती दिसते.

इ. स. १८१७ मध्ये मॅकेंझी आपला संग्रह व सहकारी यांसह कलकत्त्यास गेले. या सर्व साहित्याची नीट यादी करावी, त्यातून दक्षिण भारताचा इतिहास उलगडून दाखवावा, असा त्यांचा मनोदय होता. तो सिद्धीस गेला नाही. प्रकृती ढासळत गेली आणि ८ मे १८२१ रोजी त्यांचे निधन झाले. स्टॉर्नोवे सोडल्यापासून अडतीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नव्हते.

त्यांच्या पश्चात कंपनी सरकारने हा संग्रह त्यांच्या पत्नीकडून एक लाख रुपयांना विकत घेतला. त्यात १,५६८ हस्तलिखिते, ८,०७६ शिलालेखांच्या नकला आणि ६,२१८ नाणी होती. नकाशे व चित्रे निराळीच. पुढे त्याची वाटणी झाली. काही भाग लंडनला गेला, काही कलकत्त्यास राहिला, काही मद्रासला परत आला. चेन्नईच्या सरकारी हस्तलिखित ग्रंथालयात त्यातील पुष्कळ कागद आजही आहेत.

हा संग्रह ज्यांनी गावोगाव हिंडून जमवला, त्या लक्ष्मय्यांनी अपुरे राहिलेले कार्य पुढे चालवण्याची अनुज्ञा मागितली. त्या संग्रहाची त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणासही नव्हती. तरीही त्यांची मागणी फेटाळण्यात आली. एवढ्या विद्वत्तेचे काम एका भारतीय माणसाला झेपणार नाही, अशी तेव्हाच्या युरोपीय पंडितांची समजूत होती. मग हे काम एका इंग्रज पाद्र्याकडे देण्यात आले.

कावली बंधूंपैकी तिसरे, रामस्वामी, यांनी मात्र कोणाच्या अनुज्ञेची वाट पाहिली नव्हती. दक्षिणेतील प्राचीन राज्ये व त्यांचे विभाग दाखवणारा एक नकाशा स्वतः तयार करून त्यांनी तो इ. स. १८२७ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर दोन वर्षांनी दक्षिणेतील कवींची चरित्रे सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथही छापून निघाला.