दोन कोसांची वाट : हिंगण्याचे अण्णा कर्वे

स्मरणिकेसाठी लेख द्या, असं आपल्या सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा त्यांनी विषयही सुचवला होता. नोकरीत आणि घरात उद्दिष्टं कशी ठरवावीत, यावर तरुण सभासदांना उपयोगी पडेल असं काहीतरी. मी बावीस वर्षं बँकेत टार्गेटं घेतली आणि दिली, त्यामुळे मला यातलं कळतं असा त्यांचा समज असावा. खरं सांगायचं तर त्या टार्गेटांनी माझा फक्त रक्तदाब वाढवला. पण लिहायचंच आहे तर ज्या माणसाचं नाव आपण सगळे रोज पत्त्यात लिहितो, त्याच्याबद्दल लिहावं असं वाटलं. शेअर सर्टिफिकेटवर, लाइट बिलावर, मुलांच्या दाखल्यावर आपण 'कर्वेनगर' लिहितो. पंचवीस वर्षांत आपल्यापैकी किती जणांनी विचार केला असेल की हे कर्वे नेमके कोण आणि त्यांचं नाव याच जागेला का?

आपली इमारत उभी आहे तो भाग पूर्वी हिंगणे बुद्रुक. शहरापासून चांगला दोन कोस लांब. इथे राहायला येणं म्हणजे त्या काळी जंगलात जाणंच. धोंडो केशव कर्वे इथे आले ते एका अगदी मोजक्या, आखीव कामासाठी.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. गाव कोकणातलं मुरूड, दापोलीजवळचं. घरची परिस्थिती बेताची. लहान असताना देवीच्या देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे असे. सोमण मास्तरांनी हे वळण लावलं. सतरा वर्षांचे असताना सरकारी परीक्षेला बसायचं ठरलं. परीक्षेचं जवळचं ठिकाण सातारा, पावसाळ्याचे दिवस. हा पोरगा चार-पाच सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून, शंभराहून जास्त मैल पायी तुडवत चार दिवसांत साताऱ्याला पोचला. तिथे परीक्षा घेणाऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि ठरवलं की हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही. अंगाने किरकोळ, चेहरा पोरसवदा. परीक्षेला बसूच दिलं नाही. आल्या वाटेने परत.

हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच कधीतरी वाचलेला असतो, पण तो तिथेच संपतो. पुढे काय झालं ते महत्त्वाचं. पुढच्या वर्षी कर्वे कोल्हापूरला गेले, त्याच परीक्षेला बसले आणि पास झाले. नवीन काही ठरवलं नाही, मोठी प्रतिज्ञा केली नाही. जे राहिलं होतं ते पुरं केलं.

शिक्षण असंच रखडत झालं. मॅट्रिक व्हायला तेविसावं वर्ष उजाडलं. आजकाल बारावीला एक वर्ष गेलं तर घरात सुतक पडल्यासारखं होतं, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन १८८४ मध्ये बी.ए. झाले. मग पहाटेपासून शिकवण्या आणि शाळा. त्यातून घरखर्च, शिवाय गावाकडच्या एकदोन मुलांचं शिक्षण. या मुलांतलाच एक म्हणजे त्यांच्या नात्यातला रघुनाथ परांजपे. हाच मुलगा पुढे केंब्रिजला जाऊन गणितात पहिला आला.

१८९१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. पत्नी राधाबाई गेल्या. आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून गणित शिकवायला बोलावणं आलं. तिथले आजीव सभासद तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं काम करायचं बंधन घेत. मुंबईत शिकवण्यांचे पैसे बरे मिळत होते. कर्व्यांनी वीस वर्षांचा करार पत्करला आणि तो शेवटपर्यंत पाळला.

आता दुसऱ्या लग्नाचा प्रश्न. वय तेहेतीस, पदरी एक मुलगा. त्या काळी अशा बिजवराला दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळत असे. विधवा बाईने मात्र केस काढून कोपऱ्यात बसायचं. कर्व्यांनी ठरवलं की लग्न करायचं तर विधवेशीच. मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झालेली आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ ला लग्न झालं. गोदूबाई आनंदीबाई झाल्या, पुढे सगळे त्यांना बाया म्हणू लागले.

मुरूडला सभा भरली आणि कर्व्यांवर बहिष्कार पडला. ते घरी आले तर घरच्यांनाही वाळीत टाकू, असा दम होता. म्हाताऱ्या आईला लेकाला धड घरात घेता येईना. आपल्याकडे एखाद्या सभासदाने मेंटेनन्स थकवला तरी आपण त्याला जिन्यात भेटल्यावर हसतो, बोलतो. अख्ख्या गावाने तोंड फिरवणं म्हणजे काय, याची आपल्याला कल्पना येणं कठीण आहे.

कर्व्यांनी त्याच वर्षी पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळी उभी केली आणि तिच्यासाठी फिरू लागले. दोन-तीन वर्षांत त्यांना एक गोष्ट कळून चुकली. असं लग्न करायला तयार होणारी घरं फार थोडी. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. आणि विधवा तर घरोघरी. या वेगाने चाललो तर काहीच व्हायचं नाही. मग या बायकांना आज, आहे त्या परिस्थितीत, काय देता येईल? गणिताच्या मास्तराने हिशेब मांडला तसा हा हिशेब आहे. लग्न लावून देणं आपल्या हातात नाही. शिकवणं हातात आहे. शिकलेली बाई मास्तरीण होईल, नर्स होईल, स्वतःच्या पायावर उभी राहील. त्यासाठी एक घर, दोनचार शिक्षक आणि महिन्याचा खर्च एवढं पुरेल. १४ जून १८९६ ला अनाथ बालिकाश्रम सुरू झाला.

पण मुलींना पाठवणार कोण? आश्रम म्हणजे विधवांची लग्नं लावायचं दुकान, असा संशय आईबापांच्या मनात होता. तेव्हा कर्व्यांनी जे केलं त्यावर आजही वाद घालता येईल. आश्रमात पुनर्विवाहाचा विषय काढायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि पुनर्विवाहाच्या मंडळीचं कामही सोडलं. ज्याने स्वतः विधवेशी लग्न करून गाव गमावलं, त्यानेच त्या चळवळीतून पाय काढून घेतला. सनातनी तर आधीपासून बोलतच होते, आता सुधारकही नाराज झाले. मला स्वतःला हा निर्णय वाचताना आधी भित्रेपणाचा वाटला होता. आता तसं वाटत नाही. दोन कामं एकमेकांच्या आड येत होती. त्यातलं एक दुसऱ्या कुणी केलं असतं, शिक्षणाचं काम मात्र त्यांनीच हातात धरलेलं होतं.

याची किंमत मात्र त्यांनी एकट्याने दिली नाही. पुनर्विवाहित बाई म्हणून खुद्द बायांनाच आश्रमात मोकळेपणाने वावरता येत नसे. नवऱ्याने काढलेल्या संस्थेत आपल्यालाच पंक्तीबाहेरची वागणूक, हे त्या बाईने कसं सोसलं असेल? पगारातलं जेवढं सुटेल तेवढं संस्थेकडे जायचं. घर बायांनी ओढलं. त्या नागपूरला जाऊन सुईणीचं, नर्सचं शिक्षण घेऊन आल्या, मुलं वाढवली, पुढे संस्थेसाठी वर्गणीही गोळा केली. म्हातारपणी त्यांनी 'माझे पुराण' नावाचं आत्मचरित्र सांगितलं. ज्यांना अण्णांचं चरित्र आवडतं त्यांनी ते जरूर वाचावं, कारण त्यात नवऱ्याविषयी आदर आहे आणि तक्रारही. ध्येयवादी माणसाच्या घरात बाकीच्यांनी काय करायचं, हा प्रश्न कर्व्यांच्या चरित्रात विचारला जात नाही, बायांच्या पुस्तकात तो पानोपानी आहे.

आश्रम आधी शहरात भाड्याच्या जागेत होता. पुण्यात प्लेगने हाहाकार माजवल्यावर बाहेर जाणं भाग पडलं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा दिली आणि एक झोपडी बांधण्यापुरते साडेसातशे रुपये. १९०० साली आठ-दहा जणींना घेऊन आश्रम इथे आला. म्हणजे आपल्या वस्तीची सुरुवात एका झोपडीने झाली.

कर्व्यांची नोकरी तिकडे फर्ग्युसनला, आश्रम इकडे. रस्ता नाही, पूल नाही, दिवा नाही. दिवसभर तास घ्यायचे, संध्याकाळी मंडईतलं सामान पाठीवर टाकून चिखलातून हिंगण्याला यायचं, मुलींना शिकवायचं, रात्र तिथेच काढायची आणि सकाळी उठून परत कॉलेज. एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव. कर्वे रोडवरच्या सिग्नलला आपण तीन मिनिटं थांबलो की हॉर्न वाजवतो, तोच हा पट्टा.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विधवा होऊन आल्या. त्याही शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे मागत हिंडू लागल्या. इंग्रजी जेमतेम, तरी या बाई पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. आश्रमाने तयार केलेली ही माणसं. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघालं, कारण तोवर कुमारिकांनाही शिकवायला घरं तयार होऊ लागली होती. आधी विधवा, मग कुमारिका. एक पायरी भक्कम झाली की पुढची.

विद्यापीठाचंही तसंच. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारं एक पुस्तक टपालाने आलं होतं, ते बरेच दिवस नुसतं पडून होतं. हातात आश्रमाचं काम असताना त्यांनी ते बाजूला ठेवलं. १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, १९१५ मध्ये ते पुस्तक नीट वाचलं आणि त्याच डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झालंसुद्धा. विद्यार्थिनी किती? पाच. कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू तेच रघुनाथराव परांजपे, आणि विद्यार्थिनी पाच. लोक हसले असतील. पण पाच जणींना शिकवायची सोय हातात होती, म्हणून पाच जणींचं विद्यापीठ. चार वर्षांनी विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावाने पंधरा लाखांची देणगी दिली, आणि आज आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते नाव आलं.

एकाहत्तराव्या वर्षी अण्णा जगप्रवासाला निघाले, युरोप, अमेरिका, जपान. मग आफ्रिका. सगळीकडे काम एकच, संस्थेची माहिती सांगायची आणि मदत मागायची. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, जिथे सरकारी शाळा नाही अशा खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ काढलं. त्यासाठी पुण्यातल्या घरांचे जिने चढून वर्गणी गोळा केली. मोठ्या देणगीदारांची ओळख होती, विद्यापीठ नावारूपाला आलं होतं, तरी दारोदार. शहाऐंशीव्या वर्षी जातिभेद मोडण्यासाठी समता संघ.

माझ्या वडिलांच्या पिढीने १९५८ मध्ये त्यांची शताब्दी पाहिली. त्याच वर्षी भारतरत्न मिळालं. बाया मात्र ते पाहायला नव्हत्या, त्या १९५० मध्येच गेल्या. ९ नोव्हेंबर १९६२ ला एकशे चार वर्षांचे होऊन अण्णा गेले.

आपल्या पहिल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मी या लेखासाठी काढून पाहिलं. त्यात अकरा ठराव आहेत. झाडं लावणं, वाचनालय, सोलर, ज्येष्ठांसाठी कट्टा, पावसाच्या पाण्याची टाकी, असं बरंच. त्यातली फक्त झाडं झाली, कारण त्या ठरावात सात झाडं आणि खड्डे कुणी खणायचे त्या दोन सभासदांची नावं लिहिलेली होती. बाकीच्यात नुसतं 'करण्याचे ठरले'. झाडं लावणाऱ्यांपैकी एक काका आज नाहीत. आंबा त्यांचा आहे.

हिंगण्याची ती झोपडी संस्थेच्या आवारात जपून ठेवलेली आहे. आपल्या गेटपासून चालत वीस मिनिटं. इतकी वर्षं इथे राहून मी ती पहिल्यांदा गेल्या महिन्यात पाहिली. नातीला घेऊन गेलो होतो. ती आत डोकावली आणि एवढ्याशा जागेत सगळ्या जणी झोपायच्या कशा, असं विचारू लागली. आवारात शाळा सुटायची वेळ झाली होती. दोन वेण्यांच्या मुलींचा लोंढा गेटकडे निघाला होता, आणि आम्हाला बाजूला उभं राहून वाट द्यावी लागली.