शाळा न पाहिलेल्या बाबांच्या नावाचे विद्यापीठ

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर वलगाव येते. गावाजवळून पेढी नदी वाहते. २० डिसेंबर १९५६ रोजी याच पेढीच्या पुलाजवळ, उपचारासाठी अमरावतीकडे नेले जात असताना, मोटारीतच गाडगेबाबांनी अखेरचा श्वास घेतला. अवघ्या चौदा दिवसांपूर्वी, ६ डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले होते. एक परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला विद्वान, दुसरा अक्षरशत्रू कीर्तनकार. पण गोरगरिबांच्या मुलांनी शिकले पाहिजे, या एका गोष्टीवर दोघांचे पूर्ण एकमत होते.

हातात खराटा, डोक्यावर मडक्याचे खापर आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र, ही बाबांची मूर्ती महाराष्ट्राच्या मनात कायमची कोरली गेली आहे. त्यामुळे स्वच्छता म्हटले की बाबांचे नाव सहज ओठांवर येते. शिक्षणासाठी त्यांनी केलेले काम मात्र त्या मानाने कमी सांगितले जाते. वास्तविक गाव झाडून झाल्यावर रात्री उभे राहणाऱ्या त्यांच्या कीर्तनात मुलांना शाळेत घालण्याचा विषय आल्यावाचून राहत नसे.

निरक्षरतेची किंमत

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या माहेरी आल्या. मामा चंद्रभान यांच्या घरी डेबू गुरे राखू लागला, नांगर धरू लागला. शाळेची पायरी चढण्याचा योग काही आला नाही. अंगमेहनतीत मात्र त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

ती मेहनत सावकारी कागदापुढे व्यर्थ ठरली. मामांना लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावर काय लिहिले आहे हे न कळताच व्यवहार होत गेले आणि घामाने पिकवलेली जमीन सावकाराच्या घशात गेली. मामा त्या धक्क्याने खचले. डेबूजी मात्र जमिनीवर पाय रोवून उभे राहिले व सावकाराच्या माणसांना सामोरे गेले. बळीराजाच्या घरात एकजण जरी शिकलेला असता तर हा प्रसंग ओढवला नसता, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. पुढे आयुष्यभर कर्ज, व्यसन आणि निरक्षरता यांची सांगड ते श्रोत्यांसमोर मांडत राहिले, त्याचे मूळ दापुऱ्याच्या त्या शेतात होते.

१८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या कन्येच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण व दारू न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंद चकित झाले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. त्यानंतरची पन्नास वर्षे हा माणूस गावोगाव फिरत राहिला.

आधी छप्पर, मग पुस्तक

त्या काळी वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मुलाला कॉलेज ही फार दूरची वस्तू होती. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ मध्ये सुरू झाले, नागपूर विद्यापीठही त्याच वर्षी स्थापन झाले. परंतु कॉलेज निघाल्याने खेड्यातल्या मुलाचा प्रश्न सुटत नव्हता. गावात वरचे वर्ग नाहीत. शहरात जावे तर राहायचे कुठे, खायचे काय? दलित विद्यार्थ्याला तर भाड्याने खोली मिळणेही दुरापास्त. कॉलेजात नाव घालण्याची तयारी अभ्यासापूर्वीच, भाकरी आणि निवाऱ्यापासून सुरू होत असे.

बाबांना निवाऱ्याची किंमत चांगली ठाऊक होती. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधवला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. लोकांकडून आलेला पैसा लोकांच्याच सोयीसाठी लावायचा आणि त्या इमारतीत स्वतःचा वा कुटुंबीयांचा कसलाही हक्क ठेवायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. पंढरपुरात विठ्ठलाच्या दाराशी येऊनही ज्यांना आसरा मिळत नसे, अशा अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. हीच धर्मशाळा १९४९ मध्ये बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांसाठी बांधलेले छप्पर शिक्षणाच्या कार्याला देताना त्यांना जराही संकोच वाटला नाही.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील हेच काम वसतिगृहांच्या वाटेने करीत होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीरांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले आणि कमवा व शिका हा मार्ग घालून दिला. बाबांना या कार्याविषयी मोठी आस्था होती. १९५४ मध्ये रयतने कराडला महाविद्यालय काढले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्याला स्वतःची सही वाचता येत नव्हती, त्याच्या हयातीतच त्याच्या नावाने पदवीचे वर्ग भरू लागले. इकडे अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय आणि श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने वऱ्हाडातील बहुजनांच्या मुलांसाठी अशीच वाट मोकळी केली.

कीर्तनातला हिशेब

बाबांच्या कीर्तनाचा थाट निराळाच होता. देवकीनंदनाच्या गजरात रंगलेल्या श्रोत्यांना ते प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. भाषा ठेठ वऱ्हाडी, दाखले शेतातले आणि चुलीजवळचे. घरात ताट नसेल तर भाकरी हातावर घेऊन खावी, लुगडे थोडे हलके घ्यावे, पण मुलांना शिकवल्यावाचून राहू नये, असा त्यांचा साधा हिशेब असे. लग्नासाठी कर्ज काढणारा बाप शाळेच्या खर्चाला मागे का हटतो, हा सवाल श्रोत्यांना घरी गेल्यावरही स्वस्थ बसू देत नसे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत वलगावजवळ ही वाटचाल थांबली.

१ मे १९८३ रोजी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांवर व पदव्यांवर हे नाव असते. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की खेड्यापाड्यांतील मुले कागदपत्रांची पिशवी घेऊन शहराकडे निघतात. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वसतिगृहाचा अर्ज अशी जुळवाजुळव चालते. बहुतेकांच्या घरी कॉलेजात जाणारे ते पहिलेच असतात. टक्के चांगले असूनही खोलीचे भाडे आणि खानावळीचा खर्च पेलत नाही म्हणून काही जण परत फिरतात. बाबांनी ओळखलेला प्रश्न अद्याप संपलेला नाही, याची ती खूण होय.

बाबांच्या पुण्यतिथीला हाती झाडू घेऊन गाव झाडण्याची प्रथा चांगलीच आहे. तिच्या जोडीला गावातील एखाद्या हुशार मुलाच्या वसतिगृहाची वा पुस्तकांची सोय गावाने मिळून केली, तर ती बाबांना अधिक आवडेल. दापुऱ्याच्या शेतात एका निरक्षर कुटुंबाने जे गमावले, ते दुसऱ्या कुणी गमावू नये, एवढ्यासाठीच तर त्यांनी सारी पायपीट केली होती.