सुवर्णपदक विकून संशोधन करणारा तारखात्यातला ऑपरेटर : ‘बॉड रेट’मधला बॉड कोण?

बीड जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या वजनकाट्यावर रांग लावतात. वजनाचा आकडा डिस्प्लेवर येतो आणि केबलमधून कॉम्प्युटरवर जातो. काटा सिरियल पोर्टने जोडलेला असेल, तर बसवणारा मेकॅनिक एक सेटिंग हमखास बघतो. ते म्हणजे बॉड रेट, उदाहरणार्थ ९६००. काट्याचा आणि कॉम्प्युटरचा बॉड रेट जुळला नाही, तर वजनाऐवजी भलतीच चिन्हं उमटतात.

हे नाव आलंय एका शेतकऱ्याच्या पोरावरून. त्याचं नाव एमिल बोदो.

११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्समधल्या एका खेड्यात तो जन्मला. शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतं. आधी वडिलांच्या शेतात राबला, मग १८६९ मध्ये तारखात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून चिकटला.

तिथे त्याला एक गोष्ट खटकली. शेकडो किलोमीटरची महागडी तार, पण ऑपरेटर पुढचं अक्षर शोधेपर्यंत ती रिकामीच. मग तोवर दुसऱ्याचं अक्षर का पाठवू नये?

१८७४ मध्ये त्याने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. यात प्रत्येक अक्षराचे पाच संकेत, विद्युतप्रवाहाच्या दोनपैकी एका स्थितीत, एकामागून एक तारेत जात. अशा ३२ जुळण्या होतात. फिरता संपर्क प्रत्येक ऑपरेटरला आळीपाळीने तार देई, त्यामुळे चार-सहा जणांचे संदेश एकाच तारेवरून जात. ऑपरेटरपुढे फक्त पाच कळा, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या. दोन्ही टोकांची यंत्रं एकाच चालीत फिरली, तरच पलीकडे नीट मजकूर छापला जाई.

आजची सिरियल केबल याच तत्त्वावर चालते. बिट्स एकामागून एक जातात आणि दोन्ही बाजूंचा वेग जुळावा लागतो. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६०० संकेत. एका अक्षराचे ८ बिट्स, सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक, असे १० धरले तर सेकंदाला ९६० अक्षरं. यूएसबीमध्येही बिट्स असेच रांगेने जातात. तिथे माऊस, कीबोर्ड, प्रिंटर यांना बोलायची पाळी कॉम्प्युटर ठरवून देतो.

१८७७ मध्ये पॅरिस-बोर्दो मार्गावर बोदोचं यंत्र सुरू झालं. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. पण पदकाने पोट भरत नाही. खात्याकडून फारशी मदत नव्हती, संशोधनाचा खर्च बऱ्याचदा खिशातून. शेवटी १८८० मध्ये त्याने ते सुवर्णपदकच विकलं. त्यात मिमो नावाच्या सहकाऱ्याने शोध आपलाच असल्याचा दावा करून कोर्टात खेचलं. तब्येत तर तारखात्यात लागल्यानंतर लवकरच बिघडू लागली होती, एकदा तर महिनाभर कामावर जाता आलं नाही.

तरीही यंत्र सुधारणं त्याने सोडलं नाही. पुढे ब्रिटन, जर्मनीसारख्या देशांनीही ही पद्धत स्वीकारली. २८ मार्च १९०३ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी पॅरिसजवळ त्याचं निधन झालं.

१९२६ मध्ये तारेवरच्या वेगाच्या एककाला त्याच्या नावावरून ‘बॉड’ हे नाव मिळालं. पदक विकलं गेलं, पण नाव आजही प्रत्येक सिरियल पोर्टच्या सेटिंगमध्ये आहे.