एडवर्ड थॉर्नडाइक : शिक्षेची मर्यादा दाखविणारा शास्त्रज्ञ

प्रयत्न-प्रमाद पद्धतीचा उल्लेख होताच एडवर्ड ली थॉर्नडाइक यांचे स्मरण होते. निवासी शाळेत शिक्षक आणि पालक अशा दोन्ही नात्यांनी वावरणाऱ्या आम्हांला त्यांचे चरित्र विशेष विचारप्रवृत्त करते.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. हार्वर्ड विद्यापीठात शिकताना त्यांनी कोंबडीच्या पिलांवर प्रयोग आरंभिले. घरमालकिणीने हरकत घेतली, तेव्हा त्यांचे गुरू विल्यम जेम्स यांनी स्वतःच्या घराचे तळघर त्या पिलांसाठी मोकळे करून दिले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भुकेल्या मांजरांना लाकडी पेट्यांत कोंडून बाहेर खाद्य ठेवले. धडपडीत एखादी दोरी ओढली जाई आणि दार उघडे. दर खेपेस निष्फळ धडपड कमी होत जाई. १८९८ च्या या प्रबंधातूनच पुढे परिणामाचा नियम आकारास आला : समाधान देणारी कृती दृढ होते, त्रास देणारी क्षीण होते.

१८९९ पासून सुमारे चार दशके ते कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात होते. तेथे त्यांनी माणसांवर प्रयोग केले. अपरिचित स्पॅनिश शब्दांसाठी पाच पर्यायांतून अर्थ निवडावयाचा आणि बरोबर की चूक एवढेच ऐकावयाचे. बरोबर म्हटलेले उत्तर दृढ झाले. परंतु चूक ठरविलेले उत्तर त्या मानाने पुसले गेले नाही. तेव्हा, १९३० च्या सुमारास, त्यांनी आपल्याच नियमाचा उत्तरार्ध जाहीरपणे मागे घेतला.

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात शिकत होते. थॉर्नडाइक मात्र बुद्धी मुख्यतः वंशपरंपरेने येते असे मानीत. ९ ऑगस्ट १९४९ रोजी ते निवर्तले. २०२० मध्ये टीचर्स कॉलेजने इमारतीला दिलेले त्यांचे नाव काढून टाकले. जन्मावरून माणसाची पात्रता ठरविणारा विचार तथागतांच्या शिकवणीच्या विरुद्ध आहे; तो आम्ही निःशंकपणे नाकारतो.

त्यांचे संशोधन मात्र आम्ही स्वीकारतो. पाढा चुकलेल्या मुलाला छडी मारली, तर तो चूक लपविण्यास शिकतो, पाढा शिकत नाही. त्याचे एक पाऊल बरोबर पडताच ते ओळखून त्याची प्रशंसा करणे, हेच आमचे कर्तव्य आहे.