अरणचे सावता महाराज आणि त्यांचा मळा

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली म्हणून हे पुस्तक निघतंय, आणि मंडळींनी आम्हाला एका संताचं चरित्र लिहायला सांगितलं. माऊलींचं, तुकोबांचं, नाथबाबांचं चरित्र सांगणारे मोठमोठे महाराज लोक आहेत. आमची शाळा चौथीपर्यंत, बाकीची सगळी रानात. म्हणून आम्ही रानातलाच संत धरला, सावता माळी.

सावता महाराजांचं गाव अरण. सोलापूर जिल्हा, तालुका माढा, मोडनिंबच्या जवळ. पैठणहून नाथबाबांची पालखी आपल्या बीड जिल्ह्यातून पंढरीला जाते, तिच्या वाटेवर अरण लागतं. त्यांचे आजोबा देवू माळी हे अरणला येऊन राहिले. ते पंढरीचे वारकरी होते. त्यांना परसू आणि डोंगरे अशी दोन मुलं. परसूबा आणि नांगिताबाई यांच्या पोटी शके ११७२ म्हणजे इसवी सन १२५० साली सावतोबांचा जन्म झाला. घरात वारीही होती आणि मळाही होता. पुढं जवळच्याच भेंड गावची जनाबाई त्यांना बायको मिळाली. विठ्ठल नावाचा मुलगा आणि नागाताई नावाची मुलगी, असा चौघांचा संसार.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा. सावतोबा नामदेवरायांपेक्षा वीस वर्षांनी आणि ज्ञानोबा माऊलींपेक्षा पंचवीस वर्षांनी वडील. १२९० साली माऊलींनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली तवा सावतोबा चाळीस वर्षांचे होते आणि अरणच्या मळ्यात राबत होते. १२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी देह ठेवला. वय पंचेचाळीस. पुढच्या वर्षी आळंदीला माऊलींनी समाधी घेतली.

आता वारकऱ्याला कोड्यात पाडणारी गोष्ट पहा. आजोबा वारकरी, पंढरी अरणपासून एका दिवसाच्या चालीवर, तरी सावतोबा कधी पंढरीला गेले नाहीत असं परंपरेनं सांगतेत. आपण पंधरा-वीस दिवस पायी चालून तिथं जातो आणि ज्याला पंढरी हाकेच्या अंतरावर त्यानं वेस ओलांडली नाही. तरी नामदेवरायांच्या मेळ्यात त्यांचं नाव मानानं घेतलं जातं. हे कसं?

आम्ही शेतकरी म्हणून याचं उत्तर मळ्यात शोधतो. ज्यानं माळवं केलंय त्याला हे लवकर कळंल. मेथी महिन्याभरात काढायला येते, दोन-चार दिवस उशीर झाला की फुलावर जाते. मुळा दीड महिन्याचा, राहिला की जाळी धरतो. कांदा, लसूण चार-पाच महिने जमीन अडवून बसतात आणि पाणी चुकलं तर पोसत नाहीत. जवारी पेरून माणूस चार दिवस गावाला जाऊ शकतो, माळवं लावून जाऊ शकत नाही. मळा रोज काहीतरी हातात देतो, पण रोज माणूसही मागतो. सावतोबांनी हे बंधन म्हणून घेतलं नाही. त्यांनी त्याचीच वारी केली. आज त्यांचे सदतीस अभंग मिळतात, ते काशिबा गुरवांनी उतरून घेतले असं सांगतेत. त्यात भाजीपाला आहे, मोट आहे, नाडा आहे, विहीर आहे. देवाला भेटायला त्यांनी दुसरे शब्द शोधले नाहीत. जे हातात होतं तेच पुढं केलं.

थोड्या रानावर घर कसं चालायचं, हे आम्ही आमच्या आज्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. मुळ्याच्या वाफ्यातले चांगले चार मुळे बियाला सोडायचे. कोथिंबिरीचा एक कोपरा वाळू द्यायचा, त्याचे धने घरात आणि तेच पुढच्या हंगामाचं बी. चांगला कांदा निवडून परत लावायचा आणि त्याच्या गोंड्याचं बी धरायचं. बैलाला कडबा, बैलाचं शेण रानाला, रानाचा कडबा परत बैलाला. बाजारातून मीठ, कापड अन् थोडंफार आणायचं. पण एक गोष्ट माणसं विसरतात. मोट ओढायला बैल आपला असला तरी मोटंचं कातडं चांभाराकडचं, नाडा वळणारा वेगळा, चाक सुताराचं, खुरपं लोहाराचं, माठ कुंभाराचा. खळ्यावर बलुतं दिल्याशिवाय धान्य घरी यायचं नाही. म्हणजे स्वतःच्या रानावर जगणारं घर कधी एकट्याच्या जिवावर उभं नव्हतं. अख्खं गाव एकमेकाला धरून होतं. संतांचंही तसंच. माळी, शिंपी, कुंभार, सोनार, न्हावी, चोखोबा, सगळ्यांचे धंदे वेगळे आणि नाम एक.

सावतोबांच्या घरातही भांड्याला भांडं लागायचं. एकदा सासुरवाडीची माणसं आली. सावतोबा भजनात दंग. पाहुण्यांकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. जनाबाईला माहेरच्या माणसांचा अपमान वाटला आणि ती रागावली. सावतोबांनी तिला गोड शब्दांनी समजावलं आणि तिचा राग गेला, अशी कथा आहे. कीर्तनात ही कथा सांगून लोक पुढं जातात. आम्ही इथं जरा थांबतो. त्या दिवशी पाहुण्यांना पाणी कुणी दिलं, चूल कुणी पेटवली? जनाबाईनंच. सावतोबांचं भजन चालावं म्हणून घराचा भार तिच्या डोक्यावर होता. मळ्याचं नाव सावतोबांचं झालं, पण त्या मळ्यातली भाजी निवडणारे हात चार होते, लेकरांचे धरले तर आठ.

दुसरी कथा सगळ्यांना माहीत आहे. पैठणचे कूर्मदास, हातपाय नसलेले, लोळत लोळत पंढरीला निघाले आणि कुर्डुवाडीजवळ लऊळला आले. पुढं जाववेना. त्यांना भेटायला देव स्वतः निघाले, संगं ज्ञानोबा आणि नामदेव. वाटेत अरण आलं. दोघांना मागं ठेवून देव एकटेच मळ्यात गेले आणि मला लपव म्हणून सावतोबांच्या मागं लागले. मळ्यात लपायला जागा कुठली? सावतोबांनी हातातल्या खुरप्यानं आपलं पोट उघडलं आणि देवाला आत ठेवलं. नामदेव देवाला शोधत शोधत व्याकूळ झाले आणि शेवटी मळ्यात त्यांना देव सापडला. ही कथा प्रत्येक कीर्तनकार आपल्या परीनं वाढवतो. आम्हाला त्यातली एक गोष्ट फार धरते. तलवार नाही, शास्त्र नाही, खुरपं. ज्या हत्यारानं रोज तण काढलं त्याच हत्यारानं देवाला जागा केली. आणि देव कुणाकडं चालला होता तेही पहा. ज्याला चालता येत नाही त्याच्याकडं, आणि वाटेत ज्याला मळा सोडता येत नाही त्याच्याकडं.

आता आपल्या जिल्ह्याकडं येतो. आपला बीड जिल्हा कमी पावसाचा. ७२ चा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांनी अंगावर काढलाय, २०१६ चा तर पोरांनीही पाहिलाय. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटाच्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, बैलगाडीत लेकरं घेऊन कारखान्याला. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. घरी म्हातारा-म्हातारी आणि एखादी शेळी. अशा माणसाला आम्ही व्यासपीठावरून सावतोबासारखं आपल्या रानात समाधानानं रहा म्हणून सांगावं का? आमच्या तोंडून तसं निघत नाही. सावतोबांच्या विहिरीला पाणी होतं. ज्याच्या विहिरीत उन्हाळ्यात दगड दिसतो त्याच्या भक्तीत खोट आहे असं कुणी म्हणू नये. फडात कोयता चालवताना नाम घेणारी बाई आम्ही पाहिली आहे. तिचा तो फडच तिचा मळा.

मात्र ज्याच्या विहिरीला थोडं पाणी आहे त्याला आम्ही जरूर सांगतो. सगळ्या रानात कापूस आणि दारात विकतची कोथिंबीर, हे बरं दिसत नाही. पाच गुंठे माळव्याला ठेवा. दोन बी घरचं धरा. बांधावर शेवगा, लिंबू लावा. घरातल्या लेकरांच्या ताटात आपल्या रानातलं काही पडलं पाहिजे. याच्यानं कर्ज फिटणार नाही, पण रोजचा बाजाराचा पैसा वाचतो आणि रानाकडं रोज पाय वळतो.

आणि एक विनंती दिंडीच्या मंडळींना. या पुस्तकात चालणाऱ्यांची नावं येतील, विणेकरी, चोपदार, मृदंगवाले, टाळकरी. यायलाच पाहिजेत. पण आपण चालतो तवा ऐन पेरणीचे दिवस असतात. पाऊस लांबला तर दुबार पेरणी कुणी केली? गाईचं वेत कुणी पाहिलं? दिंडीला शिधा बांधून देऊन परत रानात कोण गेलं? शंभर वर्षं ही दिंडी चालली ती अशा न चालणाऱ्या माणसांच्या जिवावर. त्यात बाया जास्त. त्यांचा संत सावता माळी. पुढच्या वारीपासून दिंडीच्या वहीत चालणाऱ्याच्या नावाखाली त्याच्या घरी राहिलेल्या माणसाचंही नाव लिहावं, एवढं आमचं मागणं आहे.

सावतोबा पंढरीला गेले नाहीत, पण दरसाल त्यांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला येते. देवानं ती रीत अजून मोडली नाही. आषाढ वद्य चतुर्दशीला आपण पंढरीहून घरी परतलेलो असतो आणि रानात खुरपणी चालू असते. त्या दिवशी खुरपं हातात घेताना सावतोबांचं नाव घ्यावं. कामाचा खाडा करायची गरज नाही. रामकृष्ण हरी.