बॉबी जोन्स ह्यांची काठी

आमच्या वाशीमकडे गॉल्फ फारसे कोणी खेळत नाही. परंतु बॅटीची मूठ तडकली म्हणजे तीस दोरा गुंडाळावा की वडिलांपाशी नवी मागावी, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. अमेरिकेतील थोर खेळाडू बॉबी जोन्स (१९०२–१९७१) ह्यांच्यापुढेही तो आला होता.

अटलांटा येथे जन्मलेले जोन्स लहानपणी फार अशक्त असत. सन १९२३ मध्ये त्यांस एक जुनी काठी मिळाली. चेंडू हळूच खळग्यात ढकलण्याच्या ह्या काठीस 'कॅलॅमिटी जेन' म्हणत. तिचा हिकरी लाकडाचा दांडा तडकलेला, दोऱ्याने आवळून सांधलेला होता. तरी त्यांनी ती टाकिली नाही. तिच्यावर त्यांनी तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पुढे घासून घासून तिचे लोखंडी तोंड झिजले. दांडा सांधता येतो, झिजलेले लोखंड भरून येत नाही. तेव्हा सन १९२६ मध्ये त्यांनी हुबेहूब तशीच दुसरी घेतली. आम्हांस हा निर्णय योग्यच वाटतो. उरलेल्या दहा मोठ्या स्पर्धा, सन १९३० मधील चारही धरून, त्यांनी दुसरीवर जिंकल्या. आणि २८ व्या वर्षी स्पर्धा सोडिल्या.

स्पॉल्डिंग कंपनीने पुढे तशा काठ्या विक्रीस काढिल्या. त्यांचे दांडे अखंड होते, तरी त्यांवरही दोऱ्याचे वेढे दिलेले असत.