कागदासाठी जन्मलेला एसी

माजिवडा नाक्याजवळच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये यंदा एप्रिलपासून एकच विषय होता: खोली गार कशी करायची? स्प्लिट एसीसाठी भिंतीला भोक पाडायला मालककाकांची परवानगी नाही. विंडो एसी बसवावा तर स्लायडिंग खिडकी आणि तिच्याबाहेरचं ग्रिल, दोन्ही आडवी येतात. खिडकी उघडी ठेवली तर फ्लायओव्हरचा आवाज आणि धूळ फुकटात. रूममेट नागपूरचा, त्याने सरळ घरून कूलर आणला. नागपुरात ज्या कूलरसमोर भर दुपारी चादर ओढावी लागते, त्याच कूलरने आमच्या खोलीत ती चादर ओलसर केली, वह्यांची पानं वाकडी केली आणि घाम होता तसाच राहिला. मग कुणीतरी पोर्टेबल एसी सुचवला. चाकांवर फिरणारा, भिंत न फोडता चालणारा. तो घ्यावा की नाही हे शोधता शोधता मी एका माणसाच्या चरित्रात जाऊन पडलो. त्याची गोष्टही वाकड्या झालेल्या कागदापासूनच सुरू होते.

विलिस हॅविलंड कॅरिअर. जन्म २६ नोव्हेंबर १८७६, न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला नावाच्या छोट्या गावाजवळच्या शेतावर. एकुलता एक मुलगा. गणितातले अपूर्णांक काही केल्या डोक्यात शिरेनात, तेव्हा आईने त्याला तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि ती अर्धी, पाव, अष्टमांश अशी कापून अपूर्णांक समजावले. तो अकरा वर्षांचा असताना ती आई गेली. पुढे १८९३ च्या मंदीत शेतावर कर्ज चढलं आणि कॉलेजचं स्वप्न बाजूला पडलं. पोराने शाळेत शिकवण्याची नोकरी धरली. मग बफेलो शहरात जाऊन पुन्हा हायस्कूल केलं, स्पर्धा परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळवली आणि कॉर्नेल विद्यापीठ गाठलं. फी सुटली तरी खाण्याराहण्याचं काय? तर लोकांच्या बागेतलं गवत काप, घरांच्या भट्ट्या सांभाळ, आणि मुलांचे कपडे धुऊन देणारी एक सहकारी लाँड्रीही चालव. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांनी या शेवटच्या आयडियाकडे जरा गांभीर्याने बघावं!

१९०१ मध्ये इंजिनीअर होऊन तो बफेलो फोर्ज कंपनीत लागला. पगार आठवड्याला १० डॉलर. वर्षभरातच ब्रुकलिनमधल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याची तक्रार त्याच्या टेबलावर आली. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकेक रंग वेगवेगळा छापला जातो. उन्हाळ्यात हवा दमट झाली की कागद फुगायचा, कोरडी झाली की आकसायचा. आज छापलेल्या पिवळ्यावर उद्याचा निळा नीट बसायचाच नाही. माल वाया, मजुरी वाया, वेळ गेला तो वेगळाच. म्हणजे माणसांना गार वाटावं हा प्रश्नच नव्हता. हवा कागदाला मानवेल अशी करायची होती.

त्याआधी कुणी हवा गार केलीच नव्हती असं नाही. बर्फावरून वारा सोडण्याचे प्रयोग जुने. पण हवेतलं पाणी मोजूनमापून ठरावीक ठेवायचं, हे कॅरिअरने मनावर घेतलं. १७ जुलै १९०२ ही त्याच्या आराखड्यांवरची तारीख. गार पाणी फिरणाऱ्या नळ्यांवरून हवा न्यायची, तिच्यातली वाफ नळ्यांवर साचून गळून जाईल आणि आर्द्रता ५५ टक्क्यांवर राहील, अशी योजना. या यंत्रणेचा गारवा दिवसाला १ लाख ८ हजार पौंड बर्फ वितळण्याइतका होता.

इथे एक थांबा. एसीच्या दुकानात दीड टन, एक टन ऐकून तो मशीनच्या वजनाचा आकडा वाटत असेल, तर तसं नाही. २००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता बाहेर काढणारा एसी एक टनाचा. त्या हिशोबाने कॅरिअरचा पहिला एसी ५४ टनांचा झाला. पोर्टेबलच्या खोक्यावर बहुतेकदा बीटीयू लिहिलेलं असतं. तासाला १२,००० बीटीयू म्हणजे एक टन.

त्याचं स्वतःचं मात्र या कामाने समाधान झालं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या रेल्वे प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत असताना चहूकडे दाट धुकं होतं. धुकं म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेली हवा. किती तापमानाला हवा काठोकाठ भरली हे आपल्या हातात आलं, तर तिच्यात पाणी किती तेही आपल्याच हातात आलं. मग कृत्रिम धुकंच का करू नये? गार पाण्याचा फवारा मारायचा आणि त्यातून हवा न्यायची. पाणी पुरेसं गार असेल तर हवेतली जादा वाफ त्या थेंबांवरच जमते. पाणी मारून हवा कोरडी करायची! ऐकायला वेडेपणा वाटतो, पण याच कल्पनेचं पेटंट त्याला जानेवारी १९०६ मध्ये मिळालं. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द मात्र त्याचा नाही. तो त्याच वर्षी स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांतल्या इंजिनीअरने वापरला. सूत कोरड्या हवेत तुटतं, त्यामुळे गिरण्यांना दमटपणा हवाच असतो. ज्यांचे आजोबा गिरणगावात होते त्यांना हे सांगायला नको. १९०७ मध्ये तर कॅरिअरची यंत्रणा जपानमधल्या योकोहामाच्या रेशीम गिरणीत पोचली.

१९११ च्या डिसेंबरमध्ये त्याने अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनीअरांच्या संस्थेपुढे आपली सूत्रं मांडली. हवेचं तापमान, तिच्यातली वाफ आणि दवबिंदू यांचं नातं. मेकॅनिकलवाल्यांना परीक्षेत रडवणारा सायक्रोमेट्रिक चार्ट तो हाच, आज थोड्या सुधारलेल्या रूपात. आमच्या कूलरचा निकालही त्याच चार्टवर लागतो. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेला कूलर अगदी आदर्श परिस्थितीत २३ अंशांपर्यंत नेऊ शकतो. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेची, म्हणजे आपल्याकडची हवा घेतली तर जेमतेम २८ पर्यंत, आणि तीही पाण्याने भरलेली. घाम मग सुकणार कुठे? रूममेटचा कूलर खराब नव्हता, त्याचा पत्ता चुकला होता. बाजारात काही छोटे कूलर ‘पोर्टेबल एसी’ म्हणून खपवले जातात, त्यांना ओळखायची खूण सोपी आहे: टाकीत पाणी भरा असं सांगितलं आणि गरम हवा बाहेर सोडायला पाइप दिसला नाही, तर तो एसी नाही.

कॅरिअरचं कामातलं डोकं जितकं स्वच्छ, तितकं घरचं लक्ष कमी. प्रवासाला निघताना भली मोठी बॅग नेली आणि उघडली तर आत फक्त एक रुमाल, अशी त्याची आठवण सांगितली जाते. हसू येतं, पण ती वर्षं हसण्याची नव्हती. १९१२ मध्ये पत्नी एडिथ वारली. त्यानंतर दोनच वर्षांनी युद्धाच्या सावटात बफेलो फोर्जने इंजिनीअरिंगचं काम गुंडाळायचं ठरवलं. चाळिशीजवळ आलेल्या माणसाने काय करावं? कॅरिअर आणि त्याच्या सहा सहकाऱ्यांनी पैसे गोळा केले, ते भरले ३२,६०० डॉलर, आणि जून १९१५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. सात इंजिनीअर, नाव एकाचं. स्टार्टअप हा शब्द तेव्हा नव्हता, उमेद आणि धाकधूक हीच.

तोवरची यंत्रं अवाढव्य होती आणि बऱ्याच ठिकाणी अमोनियावर चालायची. तो गळला तर जिवावर बेतायचं. १९२२ मध्ये कॅरिअरने आकाराने लहान आणि जास्त सुरक्षित असं सेंट्रिफ्यूगल यंत्र दाखवलं. मग १९२५ च्या मे महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात त्याची खरी परीक्षा झाली. पॅरामाउंटचे अ‍ॅडॉल्फ झुकर स्वतः बाल्कनीत बसलेले. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला, थिएटर खच्चून भरलं आणि लोक सवयीने हातपंखे हलवत राहिले. कॅरिअर पंख्यांकडे बघत उभा. हळूहळू एकेक पंखा मांडीवर उतरला. उन्हाळ्यात ओस पडणारी थिएटरं त्यानंतर उन्हाळ्यातच भरू लागली.

आपल्याकडे १९३३ मध्ये कुलाब्याचं रीगल सुरू झालं ते एसीसहच. पुढच्याच वर्षी फ्रंटियर मेलला गारव्याचा डबा लागला, तोही बर्फाच्या लाद्यांवर चालणारा. ठाण्याचंही यात नाव आहे. आमच्या खोलीपासून जवळच्या पोखरण रोड नंबर २ वर व्होल्टास आणि ब्लू स्टार या दोन्ही कंपन्यांचे कारखाने होते. म्हणजे माजिवड्याने अख्ख्या देशाला गार केलं आणि आम्ही मात्र इथे घामाघूम.

घरात एसी नेण्याचं काम कॅरिअरला जमलं नाही असंच म्हणावं लागेल. १९२८ मध्ये घरगुती यंत्र आणलं, लगेच महामंदी आली. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या कंपनीने इग्लूच्या आकाराचं दालन उभारून लोकांना गारवा चाखवला, तर युद्ध आलं. ७ ऑक्टोबर १९५० ला तो गेला. घराघरांतल्या खिडक्यांमध्ये एसी दिसू लागले ते त्यानंतरच्या दशकात.

त्याच्या व्याख्येत एसीची कामं चार: तापमान, आर्द्रता, हवेचं खेळतं राहणं आणि स्वच्छता. हीच फूटपट्टी पोर्टेबलला लावून बघितली. एका पाइपचा पोर्टेबल स्वतःचं यंत्र गार करायला खोलीतलीच हवा ओढतो आणि बाहेर फेकतो. मग ती जागा भरायला दाराखालून, फटींतून बाहेरची गरम दमट हवा आत येते. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं. दोन पाइपवाला बाहेरचीच हवा घेऊन बाहेर सोडतो, म्हणून तो बरा. म्हणूनच अमेरिकेत पोर्टेबलवर दोन आकडे छापतात, आणि प्रत्यक्ष वापराचा आकडा बराच लहान असतो. कंप्रेसर खोलीतच, त्यामुळे आवाज आपल्याच उशाशी. आणि ठाण्याच्या हवेत साचणारं पाणी काढायची सोय, म्हणजे ड्रेनचं तोंड कुठे आहे, हे विकत घेण्याआधीच बघायचं. मागच्या स्टिकरवर आर-२९० असेल तर तो गॅस म्हणजे प्रोपेन, पेट घेणारा. खोली किमान किती मोठी हवी ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते वाचायचं.

एवढं सगळं कागदावर मांडून आम्ही मालककाकांकडे गेलो. भोक नको, पण खिडकीच्या एका काचेच्या जागी प्लायवूड बसवून त्यातून पाइप काढू, निघताना काच परत लावून देऊ. काकांनी विचार करून सांगतो म्हटलंय. दोन पाइपचं मशीन दुकानात सहज मिळत नाही, तेही शोधतोय. कूलर बाल्कनीत ठेवलाय, सुट्टी लागली की नागपूरला परत जाईल.